आठ पट्ट्यांचं कार्ड

मला उंचीची भीती वाटते. टीव्ही मिस्त्रीनं असं सांगणं म्हणजे न्हाव्यानं वस्तऱ्याला भिणं झालं, पण जे आहे ते आहे. चाळीस वर्षं मी बोरी अरबच्या बाजारात दुकान चालवलं, आजूबाजूच्या गावांत आणि तांड्यांत अँटेना लावले, आणि त्यातला एकही स्वतः छपरावर चढून लावला नाही. माझी बायको चढायची.

पदर कमरेला खोचून ती कवेलूवरून अशी चालायची की एक कवेलू फुटायचं नाही. वर गेली की दोन्ही हातांनी पाइप धरून उभी राहायची. मी खाली टीव्हीसमोर. ती वरून विचारायची, आलं का? मी खालून ओरडायचो, नाही, फिरव. पुन्हा आलं का, पुन्हा नाही. घरचे आणि शेजारचे टीव्हीसमोर बसून आमचं हे बोलणं ऐकायचे. यातला मिस्त्री नक्की कोणता, वरचा की खालचा, अशी चेष्टा करायचे.

त्या वेळी पडद्यावर मुंग्या असायच्या. मुंग्या कमी झाल्या की समजायचं, पाइप यवतमाळच्या टॉवरकडे सरकतो आहे. वाढल्या की चुकलो. त्यांच्या खरखरीवरूनसुद्धा मला कळायचं. डोळे मिटून मी सांगू शकत होतो की अजून दोन बोटं डावीकडं. म्हणून मला घाई असायची, आणि बायकोला घाई म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती चार बोटं पाइप फिरवायची, थांबायची, आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजायची आणि मगच विचारायची. मी चिडायचो.

"थांबते कायले? फिरव ना."

"बसू द्या थोडं त्याले."

"चित्र काय पाव्हणा हाये, बसाले?"

तिनं कधी ऐकलं नाही. अँटेना होते तोवर ती दहा मोजत राहिली आणि तोवर मी तिला बोलत राहिलो. तेव्हा बरोबर मीच होतो, हेही लिहून ठेवतो. त्या टीव्हीत चित्र तिथल्या तिथं यायचं. थांबायची काही गरज नव्हती.

मग घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, छत्र्या लावायला कंपनीची माणसं आली, आणि टीव्ही बिघडला की लोक दुरुस्त करायच्या ऐवजी नवा आणू लागले. दुकानात धूळ बसली. त्या दिवसांत तारबाबू भेटला. तारबाबू म्हणजे दारव्ह्याच्या तार ऑफिसात जन्म काढलेला माणूस. तार बंद झाली, त्याचं बोट मात्र बंद झालं नाही. बोलता बोलता टेबलावर टकटक करत राहायचा. त्याच्याकडे हॅम रेडिओचा परवाना होता. म्हणजे सरकारची परीक्षा द्यायची, पास झालं की आपल्या घरातून आपल्याच यंत्रानं हवेतून बोलायचं, मध्ये कोणाची कंपनी नाही. तो मला म्हणाला, मिस्त्री, तू आयुष्यभर दुसऱ्यानं पाठवलेलं पाहिलं, आता स्वतःचं काही पाठव.

मी सातवी नापास. बायको दहावी पास, आमच्या तांड्यातली त्या वेळची एकटीच. पुस्तक इंग्रजीत होतं. ती अक्षरं लावून वाचायची, तारबाबू अर्थ सांगायचा, मी ऐकून पाठ करायचो. वाचून वाचून सगळं तिलाच येऊ लागलं, तेव्हा तारबाबू म्हणाला, बाईचाही फॉर्म भरून टाका. दोघं नागपूरला गेलो. ती पास झाली, मी नापास. पुढच्या वेळी मीही पास झालो. पण मधल्या काळात, माझ्या घरात, मी जोडलेल्या रेडिओवर बोलायचं तर बायको खोलीत हजर लागायची. नियमच तसा. ती भाकरी टाकत असली तर मी माइक हातात धरून बसून राहायचो. ती हात धुऊन, पदराला पुसून, सावकाश यायची. हा सूड होता की सवय, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तारबाबूकडून ती तारेची टकटकही शिकली. ते दोघं कधीकधी रेडिओवर टकटक करून काहीबाही बोलायचे आणि हसायचे. मला ती भाषा कधी जमली नाही. काय म्हणाला, असं विचारलं तर म्हणायची, तुमचीच चुगली केली.

तिला तो बाई म्हणायचा, ती त्याला भाऊ. रोज सकाळी नऊला आम्ही तिघं हवेत भेटायचो. तुरीवरची अळी, कोणाचं दुखणं, कोणाचं लग्न. तारबाबूचा एक नियम होता. सगळ्याच हॅम लोकांचा असतो, त्याचा जरा जास्त कडक: हवेतून आलं तरच आलं. फोनवर सांगितलेलं धरायचं नाही. त्याला नात झाली तेव्हा बातमी पहाटेच त्याच्याकडे पोचली होती, पण आम्हाला सांगायला हा गडी नऊ वाजेपर्यंत थांबला.

दोनेक वर्षांपूर्वी त्यानंच नवं खूळ काढलं. आवाज झाला, आता चित्र पाठवू. छत्रीच्या टीव्हीत चित्र ज्या पद्धतीनं येतं त्याच डिजिटल पद्धतीनं, पण आभाळातून नाही. त्याच्या घरून आमच्या घरी आणि आमच्या घरून त्याच्या घरी, थेट. परवान्यात त्याची मुभा आहे. दोन यंत्रं करायची ठरली, एक इकडं, एक तिकडं. पाठवणारं आणि घेणारं एकाच डब्यात.

त्या डब्याच्या पोटात मुख्य म्हणजे एक हिरवी पाटी, पत्त्याच्या पानाएवढी. सगळा कॉम्प्युटर त्या एका पाटीवर. बायकोनं ती तळहातावर ठेवून पाहिली आणि म्हणाली, एवढ्यात तर माझ्या सुयाही मावायच्या नाहीत. पाटीला कॅमेरा जोडायचा. ती चित्र दाबून-चेपून लहान करते, त्याचे आकडे करते. शेजारची दुसरी पाटी ते आकडे रेडिओच्या लहरीवर चढवते. ती लहर अगदी अशक्त असते, म्हणून पुढं एक ॲम्प्लिफायर. तो तापतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा जाड तुकडा आणि जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा. तिथून काळी केबल छतावरच्या अँटेनाला. घेताना हेच सगळं उलट्या वाटेनं. खोकं मी एका मेलेल्या टेपरेकॉर्डरचं वापरलं. पाटीला काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी तारबाबूनं टाइप केल्या, त्याची बोटं तशीही शिवशिवत असायची. सोल्डरिंग दोन्ही यंत्रांचं मी केलं.

मी मोठ्या पार्टांच्या जमान्यातला माणूस. माझ्या वेळी कंडेन्सर बोराएवढा असायचा. आताचे पार्ट तिळाएवढे. शिंक आली की गेला. ते बायको बसवायची. सुईचं टोक जिभेला लावायचं, त्या ओल्या टोकानं पार्ट उचलायचा, जागेवर ठेवायचा आणि मला म्हणायचं, द्या आता चटका. मी चटका द्यायचो. आमचे दोघांचे चष्मे एकमेकांना लागायचे, एवढ्या जवळ डोकी. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेल्यावर एवढ्या जवळ बसायला दुसरं काही निमित्त उरत नाही.

चित्र पाठवायचं तर आधी एक ठरलेलं चित्र लागतं, कसं दिसायला पाहिजे ते समोरच्याला माहीत असलेलं. पूर्वी टीव्हीवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी रंगीत उभ्या पट्ट्या दिसायच्या, तसलं. पांढरी, पिवळी, आकाशी, हिरवी, राणी, लाल, निळी, काळी. अशा आठ. कोणता रंग बिघडला त्यावरून यंत्र कुठं बिघडलं ते कळतं. तारबाबू म्हणाला, कागदावर छापून आणतो. बायको म्हणाली, छापता कायले, मी भरते ना. तिच्या आईचं भरतकाम आमच्या तांड्यात नावाजलेलं होतं, आणि तो हात हिच्यात उतरला होता. जाड कापडावर तिनं आठ पट्ट्या आखल्या आणि मधोमध बांगडीएवढा गोल आरसा बसवला. तसल्या कार्डात मध्ये गोल असतोच, चित्र लांबट किंवा चपटं होत असेल तर त्यावरून दिसतं. पण आरसा हे तिचं डोकं.

तारबाबू घरी आला की ती कार्ड पदराखाली झाकायची. भाऊ, तुमच्या टीव्हीवर दाखवीन तवा पाहजा, म्हणायची. आणि तो शिस्तीत भिंतीकडं तोंड करून बसायचा. चहासुद्धा तसाच प्यायचा.

आमचं यंत्र अर्धंमुर्धं झालं, ॲम्प्लिफायर बाकी होता, तेव्हा आम्ही घरातल्या घरात चालवून पाहिलं. कॅमेरा स्वयंपाकघरात, टीव्ही बाहेरच्या खोलीत, मध्ये फक्त भिंत. चित्र आलं. मी ओरडून सांगितलं तशी ती कॅमेऱ्यापुढं हसली, हात हलवला आणि पाहायला धावत बाहेर आली. टीव्हीत ती अजून हात हलवत होती. माझ्या शेजारीही उभी होती आणि तिकडं स्वयंपाकघरातही होती. पाटीला चित्र चेपायला आणि पुन्हा उलगडायला वेळ लागतो, तीनचार सेकंद. मग टीव्हीतली वळली आणि निघून गेली.

ती म्हणाली, "मी आली अन् ती राहूनच गेलती."

तिला त्याचं फार हसू आलं. माझ्याकडून चारदा करून घेतलं. धावत जायची, हसायची, धावत यायची आणि स्वतःला जाताना पाहायची.

त्यानंतर दीड महिन्यानं ती गेली. पोळा होऊन आठवडा झाला होता. सकाळी उंबऱ्यात, उजेडाला, कार्ड घेऊन बसली होती. सात पट्ट्या भरून झाल्या होत्या, काळी राहिली होती. काळा रंग तिला आवडायचा नाही. आदल्या दिवशीच म्हणाली होती, ही नसली तर नाही का चालत? मी म्हटलं, नाही चालत, काळं काळं दिसते का तेच तर पाहायचं असतं. तिनं सुईत काळा दोरा ओवला, एक टाका घातला, म्हणाली चहा ठेवते, उठली आणि परत बसली. झालं. डॉक्टर म्हणाला हृदय. मुंग्या आल्या नाहीत, खरखर झाली नाही. चित्र होतं, मग नव्हतं.

याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

यंत्रावर तिचं जुनं पातळ टाकून ठेवलं. नऊ वाजता रेडिओ लावणं सोडलं. फोनवरचं धरायचं नाही म्हणणारा तारबाबू रोज फोन करायचा, आणि मी हो-नाही करून ठेवून द्यायचो. मुलगी वर्ध्याकडं दिली आहे, ती म्हणाली, बाबा, इकडं या. गेलो नाही. भाकरी करायला शिकलो. वाईट करतो.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या भरात, तारबाबू एसटीनं आला. काठी टेकत आला, बसला, पाणी प्यायला. मग सांगितलं की संक्रांत झाली की मुलगा त्याला पुण्याला नेणार आहे. तिसरा मजला, आणि सोसायटी अँटेना लावू देत नाही. इथलं घर विकलं. एवढं सांगून तो बराच वेळ टेबलावर टकटक करत राहिला. उत्तर द्यायला ती नव्हती, मग थांबला.

"माहं यंत्र तयार हाये," तो म्हणाला. "बाईनं मले कार्ड दाखवते म्हटलं होतं."

मला राग आला. कोणाचा ते माहीत नाही. उठलो, पेटीतून कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे घे. पाहून घे, हातात घेऊन पाह्य."

त्यानं डोळे गच्च मिटले. एवढा म्हातारा माणूस, काठी चाचपत उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"ठेव ते आत. मी तिले शब्द देल्ला. हवेतून आलं तर पाहीन, नाई तर तसाच जाईन."

"अरे, मेली ती."

"म्हणून तं म्हणून राह्यलो. जित्ती असती तर शब्द मोडला असता, भांडून घेतलं असतं तिच्यासंगं. आता कोणासंगं भांडू?"

कार्ड पेटीत गेलं, झाकण वाजलं, तेव्हाच तो वळला. चारच्या गाडीनं गेला.

कार्डात सुई तशीच होती. काळा दोरा ओवलेला, एक टाका घातलेला. इतके दिवस मी ती काढली नव्हती. आता काढायचीही नव्हती, चालवायची होती. माझा हात सोल्डरिंगचा. चटका देणं वेगळं, टाका घालणं वेगळं. आठ दिवस मी सकाळी उंबऱ्यात बसून ती पट्टी भरली. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. शेजारीण म्हणाली, मामाजी, द्या इकडं, मी तासाभरात भरून देते. दिलं नाही. तिचे टाके कणसातल्या दाण्यांसारखे, एकाला एक लागून. माझे सुटलेल्या ढोरांसारखे, जिकडं तोंड तिकडं. पण काळं झालं. तिनं ओवलेला दोरा तीन बोटांवर संपला. त्याचं उरलेलं टोक मी कापलं नाही, माझ्या दोऱ्याखाली तसंच दाबून टाकलं.

मग यंत्रावरचं पातळ काढलं. ॲम्प्लिफायरचे तिळाएवढे पार्ट राहिले होते. सुईचं टोक जिभेला लावायचं, उचलायचं, ठेवायचं, ती सुई डाव्या हातात तशीच धरून उजव्यानं चटका द्यायचा. दोन माणसांचं काम एकट्यानं. दोन पार्ट उडाले ते अजून सापडले नाहीत. तरी यंत्र जानेवारी लागता लागता चालू झालं.

आता राहिलं छत. आमचं घर आता स्लॅबचं आहे. बाहेरून पायऱ्या, त्यांना कठडा नाही, वर छतालाही नाही. पाइप तिनंच उभा केलेला. अकरा दांड्यांचा अँटेना त्यावर तिनंच, मी खालून सांगेन तसा, बसवलेला. तो तारबाबूच्या घराकडं बरोबर वळवायचा, एवढंच काम. त्या पायऱ्यांकडं मी तीन दिवस पाहत राहिलो. चौथ्या दिवशी बसून चढलो. म्हणजे पाठमोरा, एकेका पायरीवर बूड टेकत. वर गेल्यावर पाइपापर्यंत रांगत गेलो. शेजारच्या छतावर शेजारीण पापड वाळत घालत होती. तिनं शहाणपणानं दुसरीकडं तोंड फिरवलं.

खाली खोलीत सगळं मांडून आलो होतो. भिंतीवर कार्ड टांगलेलं, त्यासमोर टेबलावर कॅमेरा, टेबलामागं माझी निळी प्लॅस्टिकची खुर्ची. आवाजाचा लहान रेडिओ माझ्या गळ्यात. तिकडं तारबाबू त्याच्या टीव्हीसमोर. त्याचा अँटेना त्यानं आधीच आमच्या दिशेनं बांधून घेतला होता. मी पाइप धरून उभा राहिलो, चार बोटं फिरवला, आणि तोंडातून निघून गेलं, आलं का?

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मी विचारला होता. आजवर मी फक्त उत्तर देणारा.

 तिकडून तारबाबू म्हणाला, नाही, फिरव.

असे चार दिवस गेले. रोज सकाळी नऊ ते अकरा. गावच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं. आलं का, नाही, फिरव. आलं का, नाही, फिरव. तारबाबूचा आवाज हळूहळू माझ्यासारखा व्हायला लागला होता. चिडका. आणि पडद्यावर मुंग्या नव्हत्या. डिजिटलमध्ये त्या नसतातच. पडदा काळा, ठार काळा. जवळ आलो की लांब गेलो ते सांगणारं काहीच नाही. आहे तर सगळं आहे, नाही तर काहीच नाही. मी खाली उतरून यंत्र तपासायचो, लहर जात होती, ताकद बरोबर होती. तारबाबू त्याच्या ओळी तपासायचा, त्याही बरोबर. संक्रांत दोन दिवसांवर आली. त्याच्या घरातली भांडी पोत्यांत भरून झाली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता, आणि तोवर टीव्ही बांधू नका म्हणून तो सुनेशी भांडून बसला होता.

पाचव्या दिवशी पुन्हा चढलो. वारा होता. पाइप टाकीच्या थोडा उजवीकडं होता. आलं का? नाही, फिरव. मी फिरवणार तेवढ्यात खालून एक ट्रक हॉर्न देत गेला आणि मी पाहू नये तिकडं पाहिलं. डोकं गरगरलं. पाइप सोडून मी जागच्या जागी बसलो, दोन्ही तळहात स्लॅबला टेकवले, डोळे मिटले, आणि गरगर थांबावी म्हणून मोजायला लागलो. कोणत्या बोलीत मोजत होतो ते नंतर लक्षात आलं.

गळ्यातून तारबाबू बोलत होता. मिस्त्री, फिरव ना. मिस्त्री, थांबला कायले. ऐकून राह्यला का नाही बे. मी मोजत होतो. सहा. सात. आठ.

 मग तारबाबूचा आवाज आला, एकदम हळू, झोपलेलं लेकरू उठू नये असा.

"मिस्त्री. हात लावू नोको. आलं."

पाइप त्या जागेवरून मी पन्नासदा नेला असेल. घेणाऱ्या यंत्राला लहर हाती लागायला काही सेकंद जातात, आकडे उलगडून चित्र करायला आणखी काही. तेवढ्या वेळात आम्ही दोघं म्हातारे 'नाही, फिरव' म्हणत पुढं निघून गेलेलो. मुंग्यांच्या काळातली सवय, पडद्यावर नाही म्हणजे नाही. तो उशीर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. ती माझ्या शेजारी उभी राहून त्याला हसली होती. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. तिला काही डोक्यात आणायची गरजच पडली नसती. ती नेहमीसारखी चार बोटं फिरवून थांबली असती, दहा मोजले असते, आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात चित्र आलं असतं. आणि मी खालून ओरडलो असतो, थांबते कायले.

डोळे मिटूनच मी रेडिओचं बटण दाबलं आणि विचारलं, काय काय दिसते?

तो एकेक पट्टी सांगत गेला. पांढरी, पिवळी, आकाशी. रंग बरोबर होते. टाकेसुद्धा दिसत होते म्हणाला. मग थांबला.

"आठवी तिची नाई."

"माही हाये."

"दिसून राह्यलं. सुई धरली होती का वखर?"

 मग तोच म्हणाला, "मधात आरसा हाये. त्यात निळं काहीतरी दिसते."

"खुर्ची हाये."

"रिकामी?"

"मी वर आहो ना."

 तिकडं बटण त्यानं दाबून धरलं होतं, कारण त्याच्या खोलीचा आवाज येत होता. मग त्या आवाजात टकटक सुरू झाली. बोटाची, लाकडावर. सावकाश, थांबून थांबून, पुष्कळ वेळ. मला तार येत नाही. काय म्हणाला ते तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

संपल्यावर खाकरून म्हणाला, खाली जाय, आता मी पाठवतो.

मी आलो तसाच उतरलो, बसत बसत. यंत्र पाठवण्यावरून घेण्यावर केलं, टीव्ही लावला आणि निळ्या खुर्चीत बसलो. पडदा काळा. हात आपोआप उठला, कुठलं तरी बटण फिरवायला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो आणि मोजलं. नऊवर तारबाबू आला. मोठा, रंगीत, बनियनवर, दाढी वाढलेली. मागं भांड्यांची पोती आणि भिंतीवर, काढून घेतलेल्या फोटोंचे चौकोन.

गळ्यातल्या रेडिओतून त्यानं विचारलं, "आलं का?"

"आलं," मी म्हटलं.

पडद्यावर त्याचे ओठ अजून हलले नव्हते. मी उत्तर देऊन झाल्यावर त्यानं तिथं विचारलं, आलं का. आणि अजून थोड्या वेळानं माझं उत्तर त्याच्या तोंडावर पोचलं. त्यानं चष्मा काढला आणि बनियनच्या कडेनं पुसायला लागला.

आम्ही मग थोडं बोललो. पुण्याचं हवापाणी, गुडघे. बाहेर सून आवाज देत होती. तो म्हणाला, बंद करतो रे मिस्त्री, जेवत जाय वेळेवर. रेडिओ टक करून बंद झाला.

पडद्यावर तो अजून होता. अजून म्हणायचाच होता, बंद करतो. मी खुर्ची पुढं ओढली आणि तेवढं पाहून घेतलं.